मूत्राशयाच्या गाठीचा अहवाल नेमका कोणत्या तुकड्याचा?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मूत्राशयाच्या कर्करोगावर गेल्या काही वर्षांत नवी औषधे आली आणि त्यांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांतूनही येऊ लागल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या बातम्यांचा साचा बहुधा एकच असतो: अमुक जनुकातला दोष सापडला, त्यावर तमुक औषध निघाले, आता रुग्णाने जनुक तपासणी करून घ्यावी आणि अहवालाप्रमाणे औषध सुरू करावे. पॅथॉलॉजी हा विषय शिकवण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठी तपासण्यात माझी बहुतेक नोकरी गेली. या मांडणीतून एक मोठी गोष्ट सुटून जाते असे मला वाटते, म्हणून हे पत्र. मूत्राशयाच्या एकाच गाठीत जनुकीयदृष्ट्या वेगवेगळे पेशीवंश, म्हणजे एकेका मूळ पेशीपासून वाढलेले पेशींचे गट, एकत्र नांदत असतात. ही विविधता कशातून निर्माण होते हे आता बऱ्याच अंशी कळले आहे आणि तिची दखल न घेता, एका तुकड्याच्या एका अहवालावर रुग्णाचे पुढचे सगळे उपचार बेतणे योग्य नाही.

आधी प्रयोगशाळेत काय घडते ते सांगते. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली की ती अखंड येत नाही. फॉर्मॅलिनच्या बाटलीत अर्ध्या-एक सेंटिमीटरचे कितीतरी तुकडे येतात. ते मेणात बसवून त्यांचे ब्लॉक करतात, ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतात आणि रंगवतात. एका काचेवर बोटांसारख्या नाजूक शाखा दिसतात, प्रत्येक शाखेच्या मधोमध बारीक रक्तवाहिनी असते आणि भोवती पेशींचे बऱ्यापैकी शिस्तशीर थर असतात. त्याच बाटलीतल्या दुसऱ्या तुकड्याची काच लावली तर थर मोडलेले असतात, पेशींचे पुंजके मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूत घुसलेले असतात आणि त्यांच्या मध्ये त्वचेतल्यासारख्या केराटिनची गुलाबी वलये दिसतात. दोन्ही तुकडे एकाच गाठीचे, एकाच दिवशी काढलेले. अहवालात आम्ही दोन्ही नोंदवतो आणि कोणता भाग किती टक्के आहे तेही लिहितो. पण जनुक तपासणीसाठी ब्लॉक पाठवायची वेळ आली की सहसा एकच ब्लॉक जातो. ज्यात गाठीच्या पेशी भरपूर आहेत आणि मेलेला भाग कमी आहे तो. त्यानंतर येणारा अहवाल वास्तविक त्या ब्लॉकचा असतो. रुग्णाच्या फाइलमध्ये मात्र तो ‘गाठीचा अहवाल’ म्हणून लागतो आणि पुढे प्रत्येकजण तसाच तो वाचतो.

या विषयाचा इतिहास मोठा आशादायी रीतीने सुरू झाला होता. माणसाच्या गाठीतून वेगळा काढलेला पहिला कर्ककारी जनुक मूत्राशयाच्याच कर्करोगाचा होता. टी-२४ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशींमध्ये एच-रास या जनुकातले एकच अक्षर बदलले आहे आणि त्यामुळे १८९ अमिनो आम्लांच्या प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन बसते, हे १९८२ साली अमेरिकेतल्या अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले. एका अक्षराच्या चुकीने पेशी बेबंद होते हे कळल्यावर एक जनुक, एक रोग, एक औषध अशी अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक होते. पुढे अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पाने २०१४ मध्ये स्नायूत शिरलेल्या १३१ गाठींचा आणि २०१७ मध्ये ४१२ गाठींचा आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा लक्षणीय प्रमाणात बदललेल्या जनुकांची संख्या ५८ निघाली. जवळपास निम्म्या गाठींत टीपी-५३ हा, पेशीच्या वाढीला लगाम घालणारा जनुक बिघडलेला होता, बाकीचे जनुक कमीअधिक प्रमाणात विखुरलेले होते. जनुकीय बदलांच्या एकूण संख्येत हा कर्करोग त्वचेचा मेलानोमा आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या खालोखाल येतो हेही स्पष्ट झाले. २०२० मध्ये निरनिराळ्या देशांतल्या गटांनी एकत्र येऊन १,७५० नमुन्यांच्या आधारे स्नायूत शिरलेल्या कर्करोगाचे सहा रेणवीय वर्ग ठरवले. त्यांतला सर्वांत मोठा वर्ग, त्वचेच्या पेशींकडे झुकणारा, सुमारे ३५ टक्के आहे. बोटांसारख्या शाखांचा वर्ग २४ टक्के. चेतापेशींसारखी लक्षणे दाखवणारा आणि फार आक्रमक असणारा वर्ग अवघा ३ टक्के. हे वर्गीकरण उपयोगी आहे आणि मी ते शिकवलेही आहे, पण ते संपूर्ण नमुन्याची सरासरी सांगते. मी वर वर्णन केलेल्या बाटलीत दोन वर्ग शेजारी शेजारी होते.

एवढी विविधता येते कुठून, याचे उत्तर मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग वाटतो. आपल्या पेशींमध्ये एपोबेक-३ नावाच्या विकरांचे (एन्झाइमांचे) कुटुंब आहे. विषाणू पेशीत शिरला की त्याच्या जनुकीय साखळीतले सायटोसिन हे अक्षर बदलून ती साखळी निकामी करणे हे त्यांचे काम. दुहेरी डीएनएला हे विकर फारसे हात लावत नाहीत. पण पेशी विभागताना किंवा डीएनएची दुरुस्ती चालू असताना साखळी क्षणभर एकेरी होते, आणि त्या वेळी हे विकर स्वतःच्याच डीएनएवर काम करून जातात. त्यांची खूण ओळखता येते, कारण थायमिनच्या लगेच नंतर येणारे सायटोसिन ते प्राधान्याने निवडतात. वर उल्लेखिलेल्या ४१२ गाठींत एका अक्षराच्या बदलांपैकी सुमारे दोन तृतीयांश बदलांवर हीच खूण सापडली. एफजीएफआर-३ या, पेशीला वाढीचा संदेश पोहोचवणाऱ्या जनुकातला सर्वाधिक आढळणारा बदल, प्रथिनात २४९व्या जागी सेरीनऐवजी सिस्टीन, आणि पीआयके-३-सीए या जनुकातले दोन नेहमीचे बदल याच प्रकारच्या अक्षर-जोडीवर होतात. म्हणजे ज्या दोषावर आज औषध दिले जाते, तो दोषही बहुधा शरीराच्या संरक्षक यंत्रणेच्या हातूनच घडलेला असतो. हे विकर मूत्राशयात एवढे जागे का होतात याचा शोध चालू आहे. यॉर्क विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये असे दाखवले की, बीके नावाच्या, बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून सुप्त राहणाऱ्या विषाणूची लागण मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशींना झाली तर तिथे एपोबेकची अशी हानी होते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये हा विषाणू डोके वर काढतो, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने या शोधाला विशेष महत्त्व आहे.

हे सारे गाठ होण्याच्या किती आधी सुरू होते, हे केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या २०२० च्या अभ्यासातून दिसले. त्यांनी २० जणांच्या मूत्राशयाच्या अस्तराचे, दिसायला पूर्ण निरोगी अशा भागाचे, दोन हजारांवर सूक्ष्म नमुने लेसरने कापून तपासले. निरोगी अस्तर एकसंध नव्हतेच. गोधडीच्या तुकड्यांसारखे वेगवेगळे पेशीवंश एकमेकांना खेटून बसले होते, काहींवर एपोबेकची खूण होती आणि अगदी शेजारच्यांवर नव्हती. त्यांत केएमटी-२डी, केडीएम-६ए, एआरआयडी-१ए असे, डीएनएची गुंडाळी सैल-घट्ट करणारे जनुक बदललेले होते. टीपी-५३, एफजीएफआर-३ आणि टर्ट हे गाठींत नेहमी सापडणारे बदल मात्र तिथे विरळा होते. गाठ काढल्यावर मूत्राशयात दुसऱ्या ठिकाणी पुन्हा गाठ का येते, असे रुग्ण कळवळून विचारतात. त्याचे उत्तर या अस्तरात आहे. अर्थात सगळ्या नव्या गाठी स्वतंत्रपणे उगवतात असेही नाही. काही स्त्रियांच्या मूत्राशयात निरनिराळ्या जागी आलेल्या गाठी एकाच मूळ पेशीच्या वंशातल्या होत्या, हे १९९२ मध्येच, प्रत्येक पेशीत दोनपैकी कोणते एक्स गुणसूत्र मिटलेले आहे हे पाहून (स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स मिटलेले, म्हणजे बंद असते), सिद्ध झाले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत: बदललेले अस्तर सर्वत्र पसरते आणि त्यातला एखादा वंश पुढे निघून जागोजागी रुजतो.

गाठ वाढण्याच्या पुढच्या वाटाही ढोबळमानाने दोन. निदानाच्या वेळी सुमारे ७० ते ७५ टक्के रुग्णांत गाठ स्नायूपर्यंत गेलेली नसते, आणि त्यांतल्या सौम्य, शाखांच्या गाठींमध्ये एफजीएफआर-३ चा दोष फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. नववे गुणसूत्र, पूर्ण किंवा अंशतः, बहुधा सुरुवातीलाच हरवलेले असते. या गाठी वारंवार परततात, पण सहसा जीव घेत नाहीत. दुसरी वाट सपाट, डोळ्याला फक्त लालसर चट्ट्यासारख्या दिसणाऱ्या कर्करोगाची. तिथे टीपी-५३ आणि आरबी-१ हे वाढ रोखणारे जनुक बिघडलेले असतात आणि हा कर्करोग स्नायूत शिरायला फार वेळ लावत नाही. स्नायूत शिरलेल्या गाठींत एफजीएफआर-३ चा दोष सुमारे १५ टक्क्यांतच आढळतो. कधी कधी जनुक आणि गाठीचे रूप यांचा संबंध इतका थेट असतो की काच पाहतानाच जनुकाचा अंदाज येतो. प्लाझ्मासायटॉइड नावाच्या दुर्मीळ प्रकारात पेशी एकमेकींना धरून राहतच नाहीत, सुट्या सुट्या पसरत पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत जातात, कारण पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या प्रथिनाचा सीडीएच-१ हा जनुक त्यांनी गमावलेला असतो.

स्त्रियांविषयी इथे स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. पुरुषांना हा कर्करोग स्त्रियांच्या तिप्पट-चौपट होतो आणि त्याचे एक कारण धूम्रपान असले तरी ते एकमेव नाही; केडीएम-६ए हा रक्षक जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि तो मिटलेल्या एक्सवरूनही काम करत राहतो, त्यामुळे स्त्रीला त्याच्या दोन चालू प्रती मिळतात. मात्र स्त्रियांचे निदान अनेकदा उशिरा होते. लघवीतून रक्त गेले तर ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी, मग प्रतिजैविकांचा एक कोर्स, मग दुसरा, यात महिने निघून जातात. न दुखता लघवीतून रक्त गेले, ते एकदाच जाऊन थांबले तरी, स्त्री असो वा पुरुष, मूत्रविकारतज्ज्ञाकडून दुर्बिणीने पाहून घेतले पाहिजे.

बाहेरच्या कारणांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ती आता सर्वश्रुत आहेत. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये ॲनिलिन रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठी नोंदवल्या, तेव्हापासून ॲरोमॅटिक अमाइन ही रसायने संशयाच्या आणि पुढे पुराव्याच्या कक्षेत आली. तीच रसायने विडी-सिगारेटच्या धुरात असतात, रक्तातून मूत्रपिंडात उतरतात आणि लघवीबरोबर तासन्‌तास अस्तराला लागून राहतात. या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते. फुप्फुसाच्या गाठीत तंबाखूची जी ठळक जनुकीय खूण दिसते ती मूत्राशयात तशी उमटत नाही, आणि अनेक रुग्णही समजतात की विडीचा आणि लघवीच्या पिशवीचा काय संबंध. संबंध आहे, आणि तो घनिष्ठ आहे.

आता ज्या संशोधनामुळे हे पत्र लिहिण्याची निकड वाटली त्याकडे येते. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल मेडिसिन आणि न्यूयॉर्क जीनोम सेंटर यांच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात संपूर्ण जीनोम वाचून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच रुग्णाच्या निरनिराळ्या वेळी घेतलेल्या नमुन्यांवरून त्यांनी पेशींची वंशावळ मांडली. एपोबेकचे बदल वंशावळीत सुरुवातीलाच दिसतात, म्हणजे गाठीच्या बहुतेक सर्व पेशींना ते मिळालेले असतात. केमोथेरपीमुळे झालेले बदल उशिरा आणि काही वंशांतच, पण मोठ्या संख्येने एकदम येतात. तिसरी गोष्ट अधिक चिंतेची: गुणसूत्रांपासून तुटलेले डीएनएचे तुकडे स्वतंत्र वर्तुळे बनवून राहतात आणि सीसीएनडी-१ सारख्या, पेशीला विभागायला लावणाऱ्या जनुकांच्या अनेक प्रती त्यांवर साठतात. गुणसूत्रांची वाटणी पेशीविभाजनात काटेकोर होते. या वर्तुळांना तसा धरबंध नसतो, एका कन्यापेशीला खूप आणि दुसरीला थोडी मिळतात. त्यामुळे दोन-चार पिढ्यांतच शेजारशेजारच्या पेशी एकमेकींपासून फार वेगळ्या होतात आणि औषधाच्या माऱ्यात ज्यांना फायदा मिळतो त्या टिकतात.

केमोथेरपीने नवे जनुकीय बदल होतात हे वाचून कोणा रुग्णाने सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध नाकारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मूत्राशय काढण्यापूर्वी सिस्प्लॅटिनयुक्त केमोथेरपी दिलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ७७ महिने आणि फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांचे ४६ महिने, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत दिसले होते. ईआरसीसी-२ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकात दोष असलेल्या गाठी तर सिस्प्लॅटिनला विशेष चांगला प्रतिसाद देतात. या अभ्यासाचा अर्थ केमो टाळा असा नाही. केमोनंतर उरलेली किंवा परतलेली गाठ ही जनुकीयदृष्ट्या पूर्वीची गाठ राहिलेली नसते, असा आहे.

यातून उपचारांसाठी काय निघते ते औषधागणिक वेगळे आहे. अर्डाफिटिनिब हे एफजीएफआर-३ च्या दोषावरचे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या मोठ्या चाचणीत मध्यक आयुर्मान केमोथेरपीवरच्या ७.८ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेले, परंतु आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ५.६ महिनेच होता. दोष नसलेले किंवा दोषाला वळसा घालणारे वंश मागे राहतात, हे त्यामागचे एक कारण. एफजीएफआर-३ चा बदल बहुधा सुरुवातीचा असल्याने तो जुन्या ब्लॉकमध्येही सापडण्याची शक्यता चांगली असते. एखाद्या जनुकाच्या प्रती वाढणे, प्रतिकार निर्माण करणारे बदल, ही मात्र उशिरा येणारी लक्षणे आहेत आणि ती शोधण्यासाठी पहिल्या शस्त्रक्रियेचा ब्लॉक पाठवणे म्हणजे उत्तर नसलेल्या जागी उत्तर शोधणे. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही नव्या औषधांची जोडी, जिच्या चाचणीत मध्यक आयुर्मान १६.१ वरून ३१.५ महिन्यांवर गेले, ती देण्यासाठी अशा जनुक तपासणीची अटच नाही. आणि स्नायूत न शिरलेल्या पण धोकादायक गाठींसाठी १९७६ पासून वापरात असलेली, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होणारी बीसीजी, म्हणजे एरवी क्षयाची लस म्हणून परिचित असलेली, कोणत्याही जनुकाच्या अहवालावाचून आजही पहिली निवड आहे. खर्चिक तपासणी केली नाही म्हणून आपल्यावर नीट उपचार झाले नाहीत, या अपराधी भावनेत अनेक कुटुंबे राहतात. त्यांच्यापर्यंत हे पोहोचायला हवे.

माझे म्हणणे तपासणीच्या विरोधात नाही. ती कशाची झाली हे अहवालात लिहिले जावे, एवढा आग्रह आहे. कोणता ब्लॉक, कोणत्या तारखेच्या शस्त्रक्रियेचा, त्यात गाठीच्या पेशी किती टक्के, आणि त्याच नमुन्यात दुसऱ्या रूपाचा भाग होता का, या चार ओळी प्रत्येक जनुक अहवालाच्या माथ्यावर असाव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन स्पष्ट वेगळे भाग दिसत असतील तर दोन्हींतून नमुना घेतला जावा. केमोनंतर आजार परतला आणि नवा उपचार जनुकाच्या आधारे ठरणार असेल, तर शक्य तिथे नवी बायोप्सी घ्यावी, नाहीतर रक्तातल्या किंवा लघवीतल्या डीएनएचा पर्याय पाहावा. शासकीय आरोग्य योजनांनीही, ज्या मोजक्या जनुकांच्या अहवालाने उपचार खरोखर बदलतो त्यांच्या तपासणीचा शस्त्रक्रिया आणि केमोच्या जोडीने विचार करावा. शेकडो जनुकांच्या महागड्या यादीची गरज प्रत्येकाला नसते. वृत्तपत्रांकडून माझी अपेक्षा अशी की, नव्या औषधाची बातमी देताना ते किती टक्के रुग्णांना लागू पडते आणि किती काळ उपयोगी पडते, हे दोन आकडे बातमीत अवश्य असावेत.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक व्यवहाराची सूचना करते. गाव किंवा रुग्णालय बदलताना लोक फाइल, सीटी स्कॅनच्या फिल्म, बिले सगळे बरोबर नेतात. मेणाचे ब्लॉक आणि काचा मात्र पहिल्याच प्रयोगशाळेत राहतात आणि ठरावीक मुदतीनंतर निकाली निघतात. लेखी अर्ज करून ते मागता येतात. पहिल्या शस्त्रक्रियेपासूनचे सगळे ब्लॉक, त्यांवरचे क्रमांक अहवालातल्या क्रमांकांशी जुळवून, ताब्यात घ्यावेत आणि उन्हात, गरम जागी न ठेवता नव्या डॉक्टरांकडे पोहोचवावेत.

आपली विश्वासू,
पॅथॉलॉजीची एक निवृत्त अध्यापिका,
नागपूर